दात कोणाचे, दोष कोणाचा?

(बी. ए. भाग ३)

"दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत" ही म्हण आपण सर्वांनी शाळेत पाठ केली आहे. आमच्या गुरुजींनी तिचा अर्थ "दैवाची थट्टा" असा सांगितला होता आणि आम्ही तो परीक्षेत लिहून दोन गुण मिळविले होते. परंतु या म्हणीतील दात हे खरोखरचे दात आहेत आणि चणे हे खरोखरचे चणे आहेत, हे मला कळायला गेला माघ महिना उजाडावा लागला.

मेडशी हे माझे गाव. अकोल्याहून पातूरमार्गे वाशीमला जाताना, घाट चढून डोंगर आणि जंगल मागे टाकले की मालेगावच्या अलीकडे हे गाव लागते. माघात आमच्याकडे हरभरा घाट्यावर येतो आणि शेतात काट्याकुट्यांचा जाळ करून त्यावर हुळा भाजतात. त्या दिवशी घरची सारी मंडळी शेतात जमली होती. जाळ विझला, राखेतून काळेठिक्कर झालेले घाटे वेचून सर्वजण हात-तोंड काळे करून खाऊ लागले. आजी मात्र बाजूला बसून होती. मी मूठभर सोललेले दाणे तिच्यापुढे धरले, तेव्हा ती हसली. हसताना तिच्या तोंडात दोनच दात दिसले. "दात गेले त गेले रे बाबू, जीव त राह्यला!" असे म्हणून तिने ते दाणे माझ्या पुतणीच्या ओंजळीत टाकले.

पुतणी सात वर्षांची. तिने दोन दाणे खाल्ले आणि गाल धरून रडू लागली. तिच्या दाढेत मोठे भोक पडले आहे आणि पुढचे दात काळे पडून झिजले आहेत.

माझा एक बालमित्रही सोबत होता. वय बावीस. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. पण त्यानेही दोन-चार दाणे कसेबसे आत सारले आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. त्याच्या तोंडाची आग होत होती. त्याचे तोंड आता जेमतेम दीड बोट उघडते. म्हणजे दात आहेत, चणेही आहेत, पण तोंडच उघडत नाही! म्हण रचणाऱ्या पूर्वजांना ही तिसरी तऱ्हा सुचली नव्हती.

एकाच जाळाभोवती तीन पिढ्यांची तीन तोंडे होती आणि तिन्ही बिघडलेली होती. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. हा दोष कोणाचा?

या प्रश्नाचे एक तयार उत्तर आपल्या समाजात आहे. आजीने मिश्री लावली, हा आजीचा दोष. पुतणीने गोड खाल्ले, हा तिचा आणि तिच्या आईचा दोष. मित्राने खर्रा खाल्ला, हा तर उघडउघड त्याचाच दोष. "खाई त्याला खवखवे" ही म्हणही हाताशी आहेच. सुशिक्षित माणूस भाषणात म्हणतो, खेड्यातील लोक निष्काळजी असतात. दोन वेळा दात घासले असते तर ही पाळी आली नसती. दात घासायला हवेत हे मला मान्य आहे. परंतु एकाचा दात किडला तर तो निष्काळजी म्हणता येईल. वर्गातील निम्म्या मुलांचे दात किडले तर काय म्हणावे? भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५२ टक्के आणि बारा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५४ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. देशातील निम्मी मुले एकाच वेळी निष्काळजी कशी निघाली? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगातील सुमारे साडेतीनशे कोटी माणसांना तोंडाचा कोणता ना कोणता विकार आहे आणि त्यांतील चारांपैकी तीन जण मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. रोग जर असा देश आणि मिळकत पाहून घर निवडत असेल, तर त्याचे कारण केवळ माणसाच्या स्वभावात नाही. त्याच्या परिस्थितीत आहे, असे मला वाटते. दात एकट्याचा असतो, पण तो किडवायला सारे गाव लागते.

प्रथम पुतणीचे तोंड पाहू.

"दाताला कीड लागली" असे आपण म्हणतो आणि या शब्दामुळेच पुष्कळांची फसगत होते. दाढेत खरोखरच अळी असते, असा समज खेडोपाडी आजही आहे. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन "कीड" पाडणारी माणसे आमच्या आजोबांनी बाजारात पाहिलेली होती. हा समज केवळ आपलाच नव्हे. जगभर तो होता, आणि फ्रान्समधील पिएर फोशार या दंतवैद्याला १७२८ मध्ये आपल्या ग्रंथात तो खोडून काढावा लागला. पुढे १८९० मध्ये मिलर या शास्त्रज्ञाने खरी गोष्ट मांडली : तोंडातील सूक्ष्म जंतू साखर-पिष्ट पदार्थांवर जगतात, त्यांपासून आम्ल तयार होते आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळविते. एकदा गोड खाल्ले की हे आम्ल अर्धा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ आपले काम करीत राहते. मग लाळ हळूहळू त्याचा निचरा करते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली, याला अधिक महत्त्व आहे. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म येथील मनोरुग्णांच्या संस्थेत १९४० च्या दशकात एक प्रयोग झाला. असहाय रुग्णांना मुद्दाम चिकट गोळ्या खायला घालून त्यांचे दात किडविले गेले. माणुसकीच्या दृष्टीने ती निंद्य गोष्ट होती आणि आज तसा प्रयोग कोणी करू धजणार नाही. पण त्यातून सिद्ध झाले ते हेच, की जेवणासोबत खाल्लेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये पुनःपुन्हा चघळलेली चिकट साखर कितीतरी अधिक नाश करते.

आता खेड्यातील मुलाचा दिवस पाहा. सकाळी गोड चहा आणि त्यात बुडविलेले बिस्किट. आई सात वाजता निंदणाला जाते. जाताना पोराच्या हातावर दोन रुपये ठेवते. त्या दोन रुपयांत काय मिळते? केळी मिळत नाही, दूध मिळत नाही. गोळी मिळते, चॉकलेट मिळते. पाच रुपयांत बिस्किटांचा पुडा मिळतो आणि तो कधी नासत नाही. शाळेच्या वाटेवरील दुकानात हीच माळ लटकत असते. दुपारी पुन्हा चहा, संध्याकाळी पाहुणा आला की पुन्हा चहा. आपल्याकडे बिनसाखरेचा चहा देणे म्हणजे पाहुण्याचा अपमान! मजुरी करणारी आई पोराला गोळीसाठी पैसे देते ते लाडापोटी नव्हे. संध्याकाळपर्यंत ते रडू नये म्हणून. जिला दिवसभर शेतात वाकायचे आहे, तिला "मुलाला सकस खाऊ द्या" असे सांगणे सोपे आहे. तो खाऊ कोण देणार, हे मात्र कोणी सांगत नाही.

याच्या उलट दाखलाही इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेमध्ये साखर दुर्मिळ झाली आणि त्या काळात मुलांच्या दातांची कीड घटली. तेथील आया एकाएकी अधिक दक्ष झाल्या होत्या काय? नाही. दुकानातील मालच बदलला होता. तात्पर्य, दुकान बदलले की दात बदलतात.

काही जण म्हणतील, दुधाचेच दात, पडायचेच आहेत! पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोवर त्या ठणकल्या, तर पोरगी जेवणार कशी, झोपणार कशी आणि वर्गात फळ्याकडे पाहणार कशी? शिवाय त्या अकाली गेल्या की पक्क्या दातांची जागा चुकते.

आता आजीकडे वळू.

आजीने तिच्या सासूकडून मिश्री घेतली. भाजलेल्या तंबाखूची ही काळी भुकटी बोटाने हिरड्यांना चोळायची. प्रथम दात घासण्याचे निमित्त असते; मग दिवसातून तीनदा, चारदा, मग डबी कंबरेलाच. मी एकदा तिला रागाने विचारले, "आजी, हे कशाला लावतेस?" ती म्हणाली, "भूक मरते रे बाबू." मी निरुत्तर झालो. जिच्या वाट्याला घरात सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेली भाकर येत होती, जिला रोज सकाळी उपाशीपोटी शेताची वाट धरावी लागत होती, तिने भुकेवर शोधलेले ते औषध होते. तंबाखू भूक मारते, थकवा विसरविते. तिच्या व्यसनाच्या मुळाशी चैन नव्हती, उपासमार होती. दात घासण्याच्या पावडरीत आणि पेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी केली. पण चुलीवर तव्यात भाजलेल्या मिश्रीपर्यंत हा कायदा कसा पोहोचणार? ती कारखान्यातून येत नाही, सासूकडून सुनेकडे येते.

आजीचे दात मात्र किडून गेले नाहीत. हिरड्या सुजल्या, दातांची मुळे उघडी पडली आणि एकेक दात हलू लागला. जुन्या पिढीचे दात दगडासारखे होते, असे आपण कौतुकाने म्हणतो. ज्वारीची भाकर, कडुनिंबाची आणि बाभळीची काडी यांचे गुण मी नाकारीत नाही. पण कीड नव्हती म्हणून दात टिकत होते असे नाही. हिरड्यांच्या रोगाने ते गळतच होते, आणि "वय झाले" म्हणून कोणी त्याची दाद घेत नव्हते. आज मधुमेह खेड्यातही शिरला आहे. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे मधुमेह आटोक्यात राहत नाही, असे हे दुहेरी नाते आहे. त्यामुळे हिरड्यांकडे दुर्लक्ष करून आता चालणार नाही.

आजीच्या दातांवर वेळीच इलाज का झाला नाही? येथे मला एक हिशेब मांडायचा आहे. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी दंतवैद्याकडे जायचे म्हणजे एस. टी. चे भाडे, एका दिवसाची मजुरी, आणि सोबत येणाऱ्याचीही मजुरी. दात वाचवायचा तर नस साफ करणे, औषध भरणे, वर टोपी बसविणे, अशा तीन-चार फेऱ्या होतात. दात काढायचा तर एकाच फेरीत काम होते. दात वाचविणे ही चार मजुऱ्यांची गोष्ट आहे आणि दात काढणे एका मजुरीची. मग गरीब माणूस दात काढतो. डॉक्टरांना ते अज्ञान वाटते. वास्तविक तो चोख व्यवहार आहे. त्यातून बाईचा दात असेल तर ती एक फेरीही पुढे ढकलली जाते. लवंगेचे तेल, तुरटीच्या गुळण्या, आणि "वरचा दात काढला की डोळे जातात" ही भीती, यांत वर्षे निघून जातात. या भीतीला शास्त्राचा कसलाही आधार नाही. पण भीती तेथेच टिकते, जेथे ती घालविणारा माणूस वर्षानुवर्षे भेटत नाही.

आणि तो भेटणार तरी कोठे? आपल्या देशात आज तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. विदर्भात नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे. अकोल्यातही एक दंत महाविद्यालय आहे. दंतवैद्य तयार होतात, पण त्यांच्या पाट्या शहरातील हमरस्त्यावर एकीशेजारी एक लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ठरलेल्या मनुष्यबळात दंतवैद्याची जागा साधारणतः नसते; ती ग्रामीण रुग्णालयापासून सुरू होते. पोटदुखीचा डॉक्टर गावात आणि दातदुखीचा डॉक्टर तालुक्याला, अशी ही विभागणी आहे. जणू दात शरीराला जोडलेलेच नाहीत! २०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि २०१८ नंतर आयुष्मान भारत योजनेतील आरोग्य केंद्रांच्या बारा सेवांत मुखआरोग्याची प्राथमिक सेवा घालण्यात आली, ही समाधानाची गोष्ट आहे. पण कागदावरची सेवा मागितल्याशिवाय गावात येत नाही, हा आपला सर्वांचा अनुभव आहे.

येथे पाण्याचीही गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तीत कोणाचाच निष्काळजीपणा दाखविता येत नाही. काही गावांत लहान मुलांच्या दातांवर पांढरे, पुढे पिवळे-तपकिरी चट्टे दिसतात. कितीही घासले तरी ते जात नाहीत. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी मॅके नावाच्या दंतवैद्याला १९०१ मध्ये असे दात प्रथम दिसले. पाण्यातील अधिक फ्लोराइड हे त्याचे कारण कळायला १९३१ साल उजाडले. आपल्या देशात १९३७ मध्ये नेल्लोर भागात हा रोग ओळखला गेला. आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात आणि पलीकडे चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतही काही गावांच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. लीटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत ते असावे, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक आहे. गंमत अशी, की हेच फ्लोराइड बेताचे असेल तर दात किडू देत नाही. म्हणून १९४५ मध्ये अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहरात ते मुद्दाम पाण्यात मिसळण्यास सुरुवात झाली आणि आज टूथपेस्टमध्येही ते असते. म्हणजे एकीकडे कमी आहे म्हणून कीड, दुसरीकडे जास्त आहे म्हणून चट्टे. डागाळलेल्या दातांच्या मुलीला पाहायला आलेले पाहुणे "दात घासत नाही काय?" असे विचारतात, तेव्हा त्यांनी खरे तर विहिरीला प्रश्न विचारायला हवा.

आता माझ्या मित्राविषयी. हा भाग लिहिताना माझी लेखणी अडखळते.

विदर्भाबाहेरील वाचकांसाठी सांगतो. खर्रा म्हणजे सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानठेल्यावर हाताने घोटलेले मिश्रण. तो घोटण्याचा आवाज आमच्याकडे कोणत्याही चौकात ऐकू येतो. मित्र भेटले की चहा आणि चहानंतर खर्रा. पुडी एक आणि हात चार. तो नाकारणे म्हणजे मैत्री नाकारणे. माझा हा मित्र गावातील कबड्डीच्या सामन्यांत शिटीसाठी प्रसिद्ध होता. दोन बोटे तोंडात घालून त्याने मारलेली शिटी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जात असे. दोन वर्षांपूर्वी ती शिटी बंद पडली. प्रथम तिखट लागेना, ठेचा खाल्ला की आग होऊ लागली. मग गालाच्या आतली कातडी पांढरी, ताठ झाली. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची तीन बोटे उभी मावतात. त्याच्या तोंडात दोनही मावत नाहीत.

या रोगाला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांत त्याचे वर्णन केले आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी त्याला हे नाव दिले. त्याचे मुख्य कारण तंबाखू नसून सुपारी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. "मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो" असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आखडलेले तोंड पूर्ववत होणे फार कठीण असते, आणि यातील काहींना पुढे कर्करोग होतो. केवळ सुपारीही कर्करोगास कारण होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिला आहे. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार भारतातील पुरुषांत ओठ व तोंडाच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला होता. २०१६-१७ च्या तंबाखूविषयक पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी बिडी-सिगारेट ओढणारे केवळ ३.८ टक्के निघाले. तोंडात ठेवण्याची तंबाखू खाणारे मात्र २४.४ टक्के, म्हणजे चारांत जवळजवळ एक. आपल्या महाराष्ट्राचा प्रश्न धुराचा नाही, तोंडाचा आहे.

कायदे नाहीत काय? आहेत. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली आणि दरवर्षी तिची मुदत वाढत आली. २००३ च्या कायद्याप्रमाणे शाळा-महाविद्यालयांपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही आणि अठरा वर्षांखालील मुलाला तर कोठेच विकता येत नाही. शंभर यार्ड म्हणजे किती, हे आपण एकदा पावलांनी मोजून पाहावे, एवढेच मी म्हणतो.

पण ठेलेवाल्याला शिव्या देऊन तरी मोकळे कसे व्हावे? त्याच्याजवळ जमीन नाही, नोकरी नाही. लाकडी ठेला हीच त्याची इस्टेट आहे. आणि खाणाऱ्याचा हिशेब करा. पुडी वीस रुपयांची धरली आणि दिवसाला दोन धरल्या, तर वर्षाचे १४,६०० रुपये होतात. एवढ्या पैशांत घरातील सर्वांच्या दातांचे उपचार होतील. बेरोजगार तरुणाकडे दात दाखवायला पैसे नसतात, खर्ऱ्याला मात्र असतात, असे हिणविणे सोपे आहे. पण रिकामा दिवस कशाने तरी भरावा लागतो. ज्या गावात वाचनालय संध्याकाळी उघडे नाही, मैदानावर बाभळी माजल्या आहेत, तेथे पानठेला हेच तरुणांचे सभागृह होते, आणि त्या सभागृहाची प्रवेश फी म्हणजे खर्रा.

आणि आता जे सांगायचे टाळीत होतो ते सांगतो. माझ्या मित्राला खर्ऱ्याची पहिली पुडी मीच दिली होती. बारावीची परीक्षा संपली त्या दिवशी. तो नको म्हणत होता, मी म्हटले, "मर्द आहेस की नाही?" मी पुढे महाविद्यालयात आलो, येथे एका मित्राने माझा हात धरला आणि माझी सवय सुटली. तो गावातच राहिला, त्याचा हात धरायला कोणी नव्हते. आम्हा दोघांत स्वभावाचा फरक नव्हता, परिस्थितीचा होता. म्हणूनच "ज्याचा दात त्याचा दोष" हे सूत्र मला मान्य होत नाही. त्याच्या तोंडाच्या दोषात माझा वाटा आहे. त्या दिवशी हुळा खाताना तो मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

कोणी म्हणेल, आमच्या भागात शेतकऱ्यांचे प्रश्न आहेत, पाण्याचे, शिक्षणाचे प्रश्न आहेत. वाशीम जिल्हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. अशा वेळी दातांचे काय घेऊन बसलात? दात कोरून पोट भरत नाही! मित्रहो, हे प्रश्न वेगळे नाहीतच. आजीची मिश्री भुकेतून आली, पुतणीची कीड आईच्या मजुरीतून आणि दुकानातून आली, मित्राचा खर्रा बेकारीतून आला. लंडनचे दंतआरोग्य-अभ्यासक ऑब्री शायहॅम हयातभर हेच सांगत होते, की साखर, तंबाखू, दारू आणि दारिद्र्य यांतून दातांचे रोग येतात आणि त्यांतूनच मधुमेह, हृदयरोग, कर्करोगही येतात. म्हणून दातांसाठी वेगळी लढाई नको, मुळावरच एकत्र घाव घाला. तोंड हा गावाच्या परिस्थितीचा आरसा आहे. आरसा पुसून चेहरा बदलत नाही.

मग काय करावे? गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने २०१६ पासून "मुक्तिपथ" हे दारू-तंबाखूविरोधी अभियान चालले आहे. त्यात एकट्या व्यसनी माणसाला उपदेश न करता गावाला हाताशी धरले. गावाने बसून ठराव करावा, स्त्रियांनी पुढे व्हावे आणि ज्याला सोडायचे आहे त्याला आधार मिळावा, अशी ती रीत आहे. विदर्भातीलच हे उदाहरण आहे. ते आपल्याला परके नाही.

आपल्या आवाक्यातील चार गोष्टी मी सुचवितो. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडण्यासोबत एक दिवस तोंडांसाठी ठेवावा. जवळच्या दंत महाविद्यालयाला पत्र लिहून तपासणीचे पथक बोलवावे आणि ज्यांच्या तोंडात पांढरा चट्टा किंवा पंधरा दिवस न भरणारी जखम दिसेल, त्यांना रुग्णालयापर्यंत आपण स्वतः सोबत न्यावे. दुसरे, ग्रामसभेत उभे राहून दोन मागण्या कराव्यात : गावच्या प्रत्येक पाणवठ्याचे फ्लोराइड तपासून त्याचा आकडा फळ्यावर लिहावा, आणि दंतवैद्य महिन्यातून निदान एक दिवस आरोग्य केंद्रात बसावा. म्हणजे चार मजुऱ्यांचा हिशेब आपोआप मिटेल. तिसरे, शाळेजवळच्या दुकानदाराशी भांडण न करता बोलावे; गोळ्यांच्या माळेशेजारी फुटाणे आणि शेंगदाणे टांगायला सांगावे. ते विकले गेले तर तो उद्या स्वतःच आणील. आणि चौथे आपल्यापुरते. मित्राला पुडी पुढे करू नये, आणि त्याने पुढे केलेली घेऊ नये. यासाठी ठराव लागत नाही, ग्रामसभा लागत नाही.

आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या संत गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला तेव्हा ही घाण कोणाची, असा प्रश्न विचारला नाही. गाव ज्यांचे, घाण त्यांची, असा त्यांचा सरळ हिशेब होता. दातांच्या बाबतीतही तोच हिशेब मांडायला हवा.

आजीचे दात आता परत येणार नाहीत. पुतणीच्या पक्क्या दातांना अजून अवकाश आहे. तिच्यासाठी फ्लोराइडची पेस्ट आणि लहान ब्रश मी घरी नेऊन दिला आहे आणि दादाला तिच्या दाढेचा इलाज करायला तयार केले आहे. मित्राला घेऊन पुढच्या आठवड्यात मी स्वतः अकोल्याला जाणार आहे. त्याने प्रथम नकार दिला. "चार फेऱ्या होतीन, कामाचे दिवस बुडतीन," म्हणाला. मी म्हटले, "चारही फेऱ्यांना मी येतो." तेव्हा तो हो म्हणाला.

शिटी परत येईल की नाही, कोणास ठाऊक. पण फेऱ्या मात्र चुकवायच्या नाहीत, एवढे ठरले आहे.